वाचकांचे प्रश्न : रशियन गोष्टी, देशोदेशीचे पडदे

रशियन अभिजात साहित्यावर वेगवेगळ्या देशांत निघालेल्या चित्रपटांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या चित्रपट मंडळाला दोस्तोयेव्स्कीच्या ‘व्हाइट नाइट्स’वरचे चित्रपट दाखवायचे आहेत. कोणते घ्यावेत, आणि कोणत्या क्रमानं? — एक वाचक, नाशिक

आधी मूळ कथा सभासदांना वाचायला द्या. १८४८ची ही कथा लहान आहे, एका बैठकीत संपते. चार रात्री आणि एक सकाळ, एवढाच तिचा काळ. एकटा, निनावी तरुण आणि सतरा वर्षांची नास्तेंका कालव्याच्या काठी भेटतात. वर्षभरानं परत येतो असं सांगून गेलेल्या भाडेकरूची ती वाट पाहते आहे. हा तरुण तिच्या प्रेमात पडतो, आणि भाडेकरू परत येतो.

या कथेची खरी अडचण प्रकाशाची आहे. पीटर्सबर्ग साठ अंश उत्तरेला. तिथे मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत रात्री पुरता काळोख होतच नाही. दोन अनोळखी माणसं मध्यरात्री भेटतात तरी एकमेकांचे चेहरे दिसतात, गाव झोपलेलं असूनही उजेड असतो. त्या अर्धवट उजेडात तरुणाचं स्वप्नाळूपण खपून जातं. हा उजेड रोम, पॅरिस, मुंबईत कुठून आणायचा? कोणता दिग्दर्शक त्याच्या जागी काय ठेवतो, तेवढं पाहिलं तरी चर्चेला पुरेल.

लुकिनो व्हिस्कोंतीनं (१९५७) बाहेर कुठे न जाता रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत लिव्होर्नो शहराच्या धर्तीवर कालवे, पूल आणि गल्ल्यांचा सेट उभारला. ऋतू उन्हाळ्याचा हिवाळा केला. धुक्यासाठी कॅमेऱ्यासमोर तलम जाळीचे मोठाले पडदे सोडले, आणि शेवटच्या रात्री बर्फ पाडला. कथेत नास्तेंकाचं पत्र येतं आणि मग ते प्रसिद्ध शेवटचं वाक्य : आनंदाचा एक अख्खा क्षण, माणसाच्या साऱ्या आयुष्याला तो कमी का? व्हिस्कोंतीनं पत्र काढून टाकलं. त्याचा नायक मारियो (मार्चेल्लो मास्त्रोयान्नी) सुरुवातीला भेटलेल्या भटक्या कुत्र्यासोबत बर्फातून निघून जातो. चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात सिल्व्हर लायन पुरस्कार मिळाला.

रोबेर ब्रेसाँनं (१९७१) गोष्ट पॅरिसच्या पाँ नफ पुलावर आणली. त्याचा नायक चित्रकार आहे आणि आपली स्वप्नं टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवतो. मूळ कथेत हा माणूस पानंच्या पानं बोलतो, आणि पडद्यावर ते असह्य होतं. ब्रेसाँनं ते बोलणं एका यंत्रात घातलं, म्हणजे नायकाला स्वतःचाच आवाज परत ऐकावा लागतो. आमच्या मते या कथेवरच्या सगळ्या चित्रपटांतली ही सर्वांत हुशार युक्ती.

भारतातले तीन लक्षात घ्या. मनमोहन देसाईंचा पहिला चित्रपट ‘छलिया’ (१९६०) या कथेचा फक्त सांगाडा घेतो. फाळणीत पाकिस्तानात अडकलेली शांती (नूतन) मुलासह परत येते, नवरा तिला नाकारतो, आणि छलिया (राज कपूर) तिच्यावर प्रेम करूनही शेवटी तिला नवऱ्याच्या हाती सोपवतो. वाट पाहण्याला इथे तारखेचं नव्हे, फाळणीचं कारण आहे. त्यामुळे कथेतला योगायोग वाटणारा भागही इथे पटतो. तमिळ ‘इयर्कै’ (२००३, दिग्दर्शक एस. पी. जननाथन) ही गोष्ट बंदरावर नेतो. जहाजावरून गेलेला माणूस कधी परतेल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तिथे नायिकेचं थांबणं खरं वाटतं. त्याला तमिळमधल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संजय लीला भन्साळींचा ‘सावरिया’ (२००७) व्हिस्कोंतीसारखाच सेटवर उभा आहे, पण निळ्या-हिरव्या रंगात बुडालेला. त्या गावात कुणी कसं जगतं, पोट कशावर भरतं हे कळतच नाही. मूळ तरुण गरीब आणि एकटा का आहे, हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही.

क्रम असा ठेवा : व्हिस्कोंती, मग ‘इयर्कै’ किंवा ‘छलिया’, शेवटी ब्रेसाँ. एका दिवशी एकच. दोन लागोपाठ लावले की दुसऱ्याच्या वेळी सभासद फक्त पहिल्याशी ताळा करत बसतात. आणखी एक : व्हिस्कोंतीच्या चित्रपटाचं सौंदर्य करड्या रंगाच्या छटांत आहे. दिवसा पडदे ओढून सभागृहात दाखवलात तर सगळं धुकं एकसारखं राखाडी दिसेल आणि लोक प्रतीला नावं ठेवतील. संध्याकाळी सातनंतरची वेळ घ्या.

गोगोलच्या ‘ओव्हरकोट’वर मराठीत वीस मिनिटांची फिल्म करायची आहे. आपल्याकडे एवढी थंडीच नाही, मग कोटाचं काय करू? — एक वाचक, कोल्हापूर

कोट विसरा, आधी हिशेब बघा. गोगोलनं आकडे फार काळजीपूर्वक दिले आहेत आणि रूपांतर करणारे नेमके तेच गाळतात.

कथेचा नायक, सरकारी कारकून अकाकी अकाकियेविच. त्याचा पगार वर्षाला चारशे रूबल. पीटर द ग्रेटनं १७२२मध्ये घालून दिलेल्या चौदा पायऱ्यांच्या दर्जापत्रकात त्याची पायरी नववी. शिंपी पेत्रोविच आधी नव्या कोटाची किंमत दीडशेच्या वर सांगतो, शेवटी ऐंशीत होईल असं ठरतं. अकाकीकडे चाळीस आधीचे आहेत. खर्च केलेल्या प्रत्येक रूबलमागे अर्धा कोपेक तो एका पेटीत टाकत आला, त्यातून साठलेले. उरलेल्या चाळिसांसाठी तो संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, काम असलं तर घरमालकिणीच्या खोलीत उजेडाला बसतो, चपला झिजू नयेत म्हणून रस्त्यावर चवड्यांवर चालतो, कपडे धोब्याकडे कमी वेळा देतो. मग साहेब चाळीस-पंचेचाळीसऐवजी साठ रूबल बोनस देतात आणि गाडं पुढे सरकतं. कॉलरला मार्टेनची फर परवडत नाही, म्हणून मांजराची लावतात, लांबून तीही मार्टेनसारखीच दिसते. पेत्रोविच दोन आठवड्यांत कोट शिवतो आणि शिलाईचे बारा रूबल घेतो.

आता हे तुमच्या नायकाला लावा. चारशेतले ऐंशी म्हणजे वर्षाच्या पगाराचा पाचवा हिस्सा, साधारण दोन महिने बारा दिवसांचा पगार. तुमचा नायक महिना अठरा हजारांवर कंत्राटी कारकून असेल, तर ती वस्तू त्रेचाळीस हजारांच्या आसपासची हवी. पाच हजारांची वस्तू घेतलीत तर प्रेक्षक म्हणेल, उसने घे. दोन लाखांची घेतलीत तर म्हणेल, हा कर्जच का काढत नाही. दोन्हीकडे गोष्ट पडते.

किंमत जमली तरी वस्तूला चार अटी आहेत. ती नसली तर नायकाचं रोजचं जगणं अडलं पाहिजे. (पीटर्सबर्गच्या थंडीत कोट हौसेची चीज नाही.) ती ऑफिसात सगळ्यांना दिसली पाहिजे. ती कुणीतरी ओळखीच्यानं हातानं बनवलेली असावी. आणि ती जबरदस्तीनं हिसकावता आली पाहिजे. मोबाइल पहिल्या दोन अटींत बसतो, तिसऱ्यात बसत नाही. आम्हाला विचाराल तर गॅरेजवाल्यानं जुने भाग जुळवून उभी केलेली दुचाकी घ्या. गावापासून ऑफिस पंचवीस किलोमीटर, शेवटची एसटी लवकर सुटते. म्हणजे पहिली अट सुटली, आणि पेत्रोविच तुम्हाला गॅरेजवाल्याच्या रूपानं आयता मिळाला. त्याला मात्र नीट लिहा. गोगोलच्या पेत्रोविचकडे तपकिरीची डबी आहे. तिच्यावर कुणा जनरलचं चित्र आहे, पण चेहऱ्याच्या जागी बोटानं भोक पडलेलं आणि त्यावर कागदाचा चौकोनी तुकडा चिकटवलेला. साहेबाला चेहराच नाही, हे गोगोल एका डबीत सांगून टाकतो. असा एक तपशील तुमच्या गॅरेजात शोधा.

वेळेची वाटणी : ऑफिस तीन मिनिटं, जुनी वस्तू आणि गॅरेजवाला चार, काटकसर दोन, नवी वस्तू आणि ऑफिसातली पार्टी चार, लूट दीड, मग पोलीस आणि मोठे साहेब साडेतीन, शेवटचा भाग दोन. काटकसरीचे शॉट पाच-सहा सेकंदांचे ठेवा आणि त्यांवर दुःखी संगीत लावू नका. अकाकी त्या काळात आनंदात आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशाची तरी ओढ लागली आहे. इथे बासरी वाजली की फिल्म संपली म्हणून समजा.

आता शेवटचा भाग, म्हणजे भूत. कोट लुटला गेल्यावर अकाकी मरतो आणि त्याचं भूत शहरात लोकांचे कोट ओढतं, शेवटी त्या ‘मोठ्या माणसा’चाही. वास्तववादाच्या नावाखाली हे कापायचा मोह होईल. कापू नका. भुताशिवाय ही कथा निव्वळ रडकी होते, गोगोलची राहत नाही. आल्बेर्तो लातुआदानं ‘इल काप्पोत्तो’ (१९५२) इटलीच्या पाव्हिया शहरात, नगरपालिकेच्या कारकुनावर केला. पटकथेत चेझारे झवात्तिनी होते, म्हणजे नववास्तववादाचा (साध्या माणसांचं जगणं जसंच्या तसं दाखवणाऱ्या इटालियन चळवळीचा) खंदा माणूस, तरीही भूत ठेवलं. रेनातो राशेल हा विनोदी नट नायक, हीदेखील बरोबर निवड. भूत दाखवायला खर्च येत नाही : तोच नट, तेच कपडे, रस्त्यावरचा एकच दिवा. धूर आणि इफेक्ट टाळा.

पाहायचंच तर लातुआदाच्या जोडीला अलेक्सेई बातालोवचा १९५९चा रशियन चित्रपट पाहा, रोलान बिकोव्ह नायक. ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह आणि लिओनिद ट्राउबेर्ग यांचा १९२६चा मूकपट ‘ओव्हरकोट’ला गोगोलच्याच ‘नेव्हस्की प्रॉस्पेक्ट’शी जोडतो. तो सुंदर आहे, पण तुमच्या कामाचा नाही. हिंदीत ‘गर्म कोट’ (१९५५) राजिंदर सिंह बेदींच्या कथेवर आहे. त्याचं नातं गोगोलशी जोडलं जातं, पण बेदींचा पोस्टातला कारकून (बलराज साहनी) बायको-मुलांचा माणूस आहे. अकाकीला या जगात कुणीही नाही. नायकाला घर दिलं की कोट ही घरखर्चातली एक बाब होते. तुम्ही ठरवा, पण अर्धंअर्धं करू नका.

कुरोसावाचा ‘इडियट’ पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात काही कळेना, मध्येमध्ये लांबलचक पाट्या येतात. माझी प्रत खराब आहे का? — एक वाचक, पुणे

प्रत ठीक आहे, चित्रपटच कापलेला आहे. कुरोसावानं १९५१मध्ये शोचिकू कंपनीसाठी तो २६५ मिनिटांचा केला होता. कंपनीनं कापत कापत १६६ मिनिटांवर आणला आणि कापलेलं भरून काढायला त्या पाट्या घातल्या. सर्वांत जास्त कात्री सुरुवातीला लागली आहे. एवढंच कापायचं असेल तर फिल्म उभी कापा, असं कुरोसावा वैतागून म्हणाल्याचं सांगतात. पूर्ण आवृत्ती आज उपलब्ध नाही. तुमच्या डिस्कवर १५९ मिनिटं दिसत असतील तरी घाबरू नका. युरोपीय डिस्क सेकंदाला चोविसाऐवजी पंचवीस चौकटींनी चालते, म्हणून सात मिनिटं कमी दिसतात.

पुन्हा पाहण्याआधी दोस्तोयेव्स्कीच्या मूळ कादंबरीच्या चार भागांपैकी पहिला भाग वाचा, आणि नावांची जोडणी हाताशी ठेवा : कामेदा म्हणजे मिश्किन, अकामा (तोशिरो मिफुने) म्हणजे रोगोझिन, ताएको नासू (सेत्सुको हारा) म्हणजे नास्तास्या फिलिपोव्हना, आयाको म्हणजे अग्लाया. नासू आणि नास्तास्या, अकामा आणि रोगोझिन, एवढं पक्कं झालं की गोंधळ निम्मा मिटतो.

मग एक बदल नीट पाहा. कादंबरीत मिश्किन एका माणसाची हकिकत सांगतो : फाशीच्या जागी उभं केलं आणि ऐन वेळी शिक्षा रद्द झाली. ही दोस्तोयेव्स्कीची स्वतःवर गुदरलेली गोष्ट आहे, डिसेंबर १८४९मधली. कुरोसावानं ती थेट नायकाला दिली. कामेदा युद्धकैदी होता, चुकून युद्धगुन्हेगार ठरून गोळ्या घातल्या जाणार होत्या, तो वाचला पण आजार मागे राहिला. नुकतंच युद्ध हरलेल्या जपानमध्ये १९५१ साली हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. रशियाची थंडी होक्काइदोनं दिली.

रशियातच इव्हान पिर्येव्हनं १९५८मध्ये फक्त पहिला भाग केला आणि तिथेच थांबला. यूरी याकोव्हलेव्हचा मिश्किन त्यासाठी जरूर पाहा. आपल्याकडे मणि कौलनं दूरदर्शनसाठी ‘अहमक’ चार भागांत केला, त्यात मिता वशिष्ठ आहे आणि रोगोझिनच्या भूमिकेत तरुण शाहरुख खान. पात्रं इतकी भरभर बोलतात की पहिल्या खेपेला अर्धं निसटतं. मणि कौलची पद्धत पाहायची असेल तर दोस्तोयेव्स्कीच्याच ‘अ जेंटल क्रीचर’वरचा ‘नजर’ (१९९०) आधी घ्या. तो लहान आणि जास्त घट्ट आहे.

‘फिर सुबह होगी’ हा ‘क्राइम अँड पनिशमेंट’ आहे असं वाचलं. पण त्यातला राज कपूर रास्कोल्निकोव्हसारखा वाटतच नाही. — एक वाचक, ठाणे

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. दोस्तोयेव्स्कीच्या कादंबरीत रास्कोल्निकोव्ह दोन खून करतो. सावकारीण अल्योना ठरवून, आणि तिची निरपराध बहीण लिझावेता ती अवचित आली म्हणून. पहिल्या खुनामागे सिद्धांत आहे : असामान्य माणसाला कायदा ओलांडायचा हक्क असतो. दुसऱ्या खुनानं त्या सिद्धांताचा चुराडा होतो. रूपांतरात काय राहिलं हे तपासायला एकच प्रश्न पुरे, लिझावेता आहे का?

रमेश सैगलच्या १९५८च्या चित्रपटात ती नाही, सिद्धांतही नाही. नायक कायद्याचा गरीब विद्यार्थी आहे, त्याला सोहनीला (माला सिन्हा) एका म्हाताऱ्याच्या हाती जाण्यापासून सोडवायला पैसे हवेत. गुन्हा गरजेपोटी घडतो, दोष समाजाकडे जातो. आणि मग ज्या ताकदीनं दोस्तोयेव्स्की नायकाचं डोकं उघडून दाखवतो, ती सगळी ताकद साहिरच्या गाण्यांत गेली आहे. संगीतकारानं ही कादंबरी वाचलेली हवी असा साहिरचा आग्रह होता आणि म्हणून खय्याम आले, असं सांगतात. गाणी ऐकून ते खरं वाटतं. तेव्हा हा चित्रपट कादंबरीचा म्हणून नको, नेहरूकाळातल्या बेकारीचा म्हणून पाहा. तसा तो पुष्कळ चांगला आहे.

अकी कौरिस्माकीनं पहिल्याच कथापटात (१९८३) गोष्ट हेलसिंकीत आणली. नायक कत्तलखान्यात काम करतो आणि आपल्या वाग्दत्त वधूला गाडीखाली चिरडणाऱ्या धनिकाला गोळी घालतो. म्हणजे सूड. इथेही लिझावेता नाही. ती सापडते फिलिपिन्समध्ये. लाव्ह डियाझच्या ‘नॉर्ते’मध्ये (२०१३, २५० मिनिटं) कायद्याचं शिक्षण अर्ध्यावर सोडलेला फाबियान सावकारीण आणि तिची मुलगी दोघींना मारतो. शिक्षा मात्र दुसऱ्याच गरीब माणसाला होते. फाबियान कबुली देत नाही, आणि चार तास आपण त्या कबुलीची वाट पाहत राहतो. मूळ कादंबरीच्या सर्वांत जवळ जाणारा आणि शेवटाला तिच्या सर्वांत उलट असा हा चित्रपट आहे. मध्यंतर घेऊन पाहा, त्यात कमीपणा नाही.

पुलंचं ‘अंमलदार’ गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’वरूनच ना? मग हॉलिवूडचा त्याच नावाचा चित्रपट इतका फिका का? — एक वाचक, सातारा

हो, त्यावरूनच. मराठीत नाटकापाठोपाठ १९५३मध्ये ‘अंमलदार’ चित्रपटही आला. हिंदीत त्याआधी १९५०ला नवकेतनचा पहिला चित्रपट ‘अफसर’ याच नाटकावर निघाला, दिग्दर्शक चेतन आनंद, भूमिकेत देव आनंद आणि सुरैया. आपल्याकडे ही गोष्ट मुद्दाम इथल्या मातीत रुजवावी लागली नाही. तपासणीला साहेब येणार म्हणून भिंतींना चुना, दप्तरावर फडकं, कोंबड्याची सोय, हे मामलेदार कचेरीच्या आसपास वाढलेल्या माणसाला ठाऊकच होतं.

हेन्री कॉस्टरच्या १९४९च्या चित्रपटात डॅनी के आहे आणि बिघाड तिथेच आहे. त्याचा तोतया भोळा, प्रामाणिक माणूस आहे. शेवटी त्याचं भलं होतं. गोगोलच्या १८३६च्या नाटकात एकही प्रामाणिक माणूस नाही. आपल्या नाटकात प्रामाणिक पात्र एकच, ते म्हणजे हसू, असं गोगोलनंच लिहून ठेवलं आहे. त्याचा ख्लेस्ताकोव्ह, म्हणजे ज्याला सगळे तपासनीस समजतात तो, एकेका अधिकाऱ्याकडून ‘उसने’ घेतो : न्यायाधीशाकडून तीनशे, पोस्टमास्तरकडून तीनशे, शाळांच्या तपासनिसाकडून तीनशे, धर्मादाय खात्याच्या माणसाकडून चारशे. बोब्चिन्स्की-दोब्चिन्स्की या जोडगोळीकडे हजार मागतो आणि निघतात पासष्ट, तेही घेतो. हा चढता-उतरता हिशेबच विनोद आहे. नायक प्रामाणिक केला की हा प्रसंग टाकावाच लागतो.

या नाटकाचा शेवट पडद्यावर सगळ्यांनाच जड जातो. खरा तपासनीस आल्याची वर्दी येते आणि सगळे थिजतात. गोगोलची रंगसूचना आहे, जवळजवळ दीड मिनिट तसंच राहायचं. रंगमंचावर प्रेक्षक स्वतःच एकेका चेहऱ्याकडे पाहत तो वेळ भरतो. चित्रपटात कुठे पाहायचं हे कॅमेरा ठरवतो, त्यामुळे लांबचा स्थिर शॉट वीस सेकंदांत मेल्यासारखा होतो. करणाऱ्यांनी चौकट गोठवू नये. नटांना खरोखर थांबवावं आणि कॅमेरा चेहऱ्यांवरून सावकाश न्यावा. पापणी लवते, घाम दिसतो, तीच गंमत.

‘वॉर अँड पीस’ कोणता पाहावा? — अनेक वाचक

रशियन दिग्दर्शक सेर्गेई बोंदार्चुकचा, १९६५ ते ६७. एकूण ४३१ मिनिटं, चार भाग : १४७, १००, ८४ आणि १००. चार संध्याकाळी लावा. मॉसफिल्म या रशियन स्टुडिओच्या यूट्यूब चॅनलवर इंग्रजी सबटायटल्ससह आहे. अमेरिकेत इंग्रजीत डब करून सुमारे सहा तासांची आवृत्ती दाखवली गेली होती, ती हाती आली तर बाजूला ठेवा. किंग विडोरचा १९५६चा २०८ मिनिटांचा आहे. ऑड्री हेपबर्नची नताशा लोभस आहे, हेन्री फोंडाचा पियेर मात्र वयानं आणि अंगानं मुळीच पटत नाही. कादंबरी वाचायला घेणार असाल आणि नावांत अडखळत असाल, तर बीबीसीची २०१६ची सहा भागांची मालिका आधी पाहा. तिचा तेवढा उपयोग आहे.

अ‍ॅना कॅरेनिना घटस्फोट घेऊन मोकळी का होत नाही, हे चित्रपटांतून कळत नाही. एखाद्यात कळतं का? — एक वाचक, डोंबिवली

तेव्हाच्या रशियात घटस्फोट चर्चच्या हातात होता. व्यभिचाराच्या कारणावर मिळवायचा तर साक्षीदार किंवा कबुली लागे, आणि दोषी ठरलेल्याला पुन्हा लग्न करता येत नसे. म्हणजे नवऱ्यानं, कॅरेनिननं, खोटा दोष स्वतःवर घेतला तरच अ‍ॅना प्रियकर व्रोन्स्कीशी लग्न करू शकत होती. कादंबरीत कॅरेनिन वकिलाकडे जातो तो प्रसंग आहे : नवरा लाजेनं अर्धमेला, आणि वकील बोलता बोलता हवेतले कपड्यांना लागणारे पतंग हातानं पकडतो आहे. चित्रपटवाले हा प्रसंग सहसा टाळतात आणि मग अ‍ॅना उगीच अडून बसल्यासारखी वाटते. हॉलिवूडनं तर १९२७च्या ‘लव्ह’मध्ये (ग्रेटा गार्बो) दोन शेवट चित्रित केले होते. अमेरिकेसाठीच्या सुखान्तात कॅरेनिन मरतो आणि प्रेमिकांची पुन्हा भेट होते.

तुम्हाला हवं ते इजिप्तमध्ये मिळेल. इझ्झेद्दिन झुल्फिकारचा ‘नहर अल-हुब्ब’ (१९६०), फातेन हमामा आणि ओमर शरीफ. तिथल्या कायद्यात घटस्फोटाची किल्ली नवऱ्याकडे होती, म्हणून पाशा नवरा (झकी रोस्तम) नुसता ‘नाही’ म्हणून बायकोला जखडून ठेवू शकतो. कैरोच्या प्रेक्षकाला याची टीप द्यावी लागली नाही. तमिळमध्ये १९५३ला ‘पणक्कारी’ निघाला होता, टी. आर. राजकुमारी आणि एमजीआर. कझाकस्तानात दारेझान ओमिरबायेव्हनं ‘शुगा’ (२००७) केला. त्यात तेलाच्या पैशानं वर आलेला समाज आहे आणि दिग्दर्शक शब्द मोजून वापरतो.

टॉलस्टॉयचाच विषय निघाला आहे तर : येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार यांनी तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘दुनिया क्या है’ची निर्मिती केली, तो ‘रिसरेक्शन’वर आधारलेला होता. खाष्ट सासूच्या पलीकडे त्यांना ओळखायला हे एवढंही पुरे.

रशियन कथेवर नाटक किंवा फिल्म करायला परवानगी लागते का? आणि मंडळात डिस्क लावून चित्रपट दाखवायला? — दोन वाचक, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. गोगोल, दोस्तोयेव्स्की, टॉलस्टॉय, चेखव सगळे केव्हाच मुक्त आहेत. लोक अडकतात ते अनुवादात. अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो आणि तो अनुवादकाच्या मृत्यूपासून मोजला जातो. कॉन्स्टन्स गार्नेट १९४६मध्ये वारल्या, त्यांचे इंग्रजी अनुवाद भारतात २००७पासून मोकळे झाले. युरोपात मुदत सत्तर वर्षांची आहे, तिथे २०१७पासून. मराठी अनुवाद घेणार असाल तर अनुवादक हयात आहे का, नसल्यास कधी गेला, हे आधी बघा. मुदत संपली नसेल तर त्यांच्याकडून किंवा वारसांकडून लेखी परवानगी घ्या. प्रकाशकाकडे हक्क दिले असतील तर त्याच्याकडूनही. तोंडी ‘करा की’ कामाला येत नाही. स्पर्धेत फिल्म निवडली गेली की आयोजक कागद मागतात आणि तेव्हा धावपळ होते.

दुसरा सापळा असा की कथा मोकळी असली तरी दुसऱ्या चित्रपटानं तिच्यात घातलेल्या गोष्टी मोकळ्या नसतात. ‘व्हाइट नाइट्स’ घ्या, पण ब्रेसाँचा टेपरेकॉर्डर घेऊ नका. ‘इडियट’ घ्या, पण युद्धकैदी कामेदा कुरोसावाचा आहे. म्हणून पटकथा लिहिताना मूळ कथेची प्रत जवळ ठेवा आणि प्रत्येक प्रसंगासमोर पानाचा आकडा टाका. आकडा ज्याला मिळत नाही तो प्रसंग तुमचा तरी आहे किंवा कुणाचा तरी उचललेला, हे तिथल्या तिथे कळतं.

डिस्क विकत घेतल्यानं घरात पाहण्याचा हक्क मिळतो, सभागृहात दाखवण्याचा नाही. तिकीट नसलं तरीही. भारतातल्या वितरकाकडे प्रदर्शनाचा परवाना मागा. वितरक नसेल तर मूळ देशाच्या सांस्कृतिक केंद्रामार्फत विचारा. मुंबईत रशियन आणि फ्रेंच दोन्ही केंद्रं आहेत, आणि ती फिल्म सोसायट्यांच्या पत्रांना सरावलेली असतात. पत्रात तारीख, जागा, आसनसंख्या आणि प्रवेश विनामूल्य आहे का, हे चारही लिहा. यातलं एक राहिलं तरी उलट पत्र येतं आणि महिना जातो.